मागचं डावं चाक

पंधरा वर्षं एका जागी उभी असलेली गाडी हलवायची म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याने त्यावर बोलू नये. पण लोक बोलतात. विक्रोळीत आग्रा रोडच्या कडेला माझी शेड आहे, आणि तिथे चहाला टेकणारा प्रत्येक उंटावरचा शहाणा त्या आठवड्यात मला सल्ला देऊन गेला. एक म्हणाला, नवी बॅटरी टाक आणि चालवत ने. दुसरा म्हणाला, दोर बांध आणि ओढत ने. मी म्हटलं, तुझ्या आजोबाला ने असाच दोर बांधून गावाला. लवू मेस्त्रीचं तोंड फाटकं आहे हे सगळ्या विक्रोळीला माहीत आहे, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही.

गाडी होती फार्गो. बावन्न सालचा ट्रक, पेट्रोलवरचा, लांब नाकाचा. माझा चुलतभाऊ जयवंत आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ नंदू, दोघांनी मिळून घेतलेला. जयवंतदादा चालवायचा, नंदू शेजारी बसायचा. मुंबईहून कणकवलीकडे माल न्यायचा, येताना आंबा नाहीतर काजू आणायचा. एकोणसत्तरच्या दसऱ्याला कशेडी घाटात नंदू गेला. तिथून आणलेली ती गाडी तेव्हापासून माझ्या शेडशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभी होती, ती थेट पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीपर्यंत. चाकं जमिनीत रुतली होती, टपावर पिंपळाचं रोपटं आलं होतं आणि हौद्यात मांजरं व्यायची.

प्लॉटच्या मालकाला तिथे इमारत उठवायची होती. त्याने पंधरा दिवसांची मुदत दिली. मी भंगारवाल्याला बोलावणारच होतो, पण आधी कन्नमवार नगरला जाऊन दादाला सांगणं भाग होतं. दादाची छाती पार गेली होती. चार पावलं चालला की खुर्ची शोधायचा. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि तो शिमग्याआधी कायमचा गावी निघाला होता. मी भंगाराचं नाव काढलं तेव्हा त्याने हातानेच मला अडवलं. मग म्हणाला की गाडी त्याच्याबरोबर गावी येणार. शिमग्याला देवाची पालखी अंगणात येईल, तेव्हा ती अंगणात हवी. मरणाऱ्या माणसाशी वाद कसला घालायचा? मी हो म्हटलं.

हो म्हटलं, आणि जिना उतरताना मधेच कठडा धरून थांबलो. त्याचं कारण त्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात होतं.

आमच्या शेडमध्ये दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, जॅक, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. उचललं तर वर्षभर हाताला यश नाही, असं माझ्या उस्तादाने शिकवलं होतं आणि मी ते डोळे मिटून पाळत आलो होतो. त्या एकोणसत्तरच्या दसऱ्याला पूजा नुकती आटोपली होती आणि दादा भरलेली फार्गो घेऊन दारात हजर. म्हणाला, ब्रेक जरा खाली जातो, एकदा बघ, आम्ही निघतोय. नंदू उतरून माझ्या बायकोकडे प्रसाद मागत होता. मी म्हटलं, उद्या ये. दादा म्हणाला, माल भरलाय, उद्या कुठला. मग मी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो. मागच्या डाव्या चाकाला आतल्या बाजूने ओल होती. ब्रेकचं तेल गळत होतं. चाक उघडायचं तर पाना हवा, आणि पाने पाटावर कुंकू लावून बसलेले. मी खिशातलं फडकं काढलं, ओल पुसून टाकली, चार मिनिटं तसाच पडून राहिलो आणि बाहेर आलो. वाटलं, एक फेरी निघेल.

दादाने विचारलं, "बघलंस?"

मी म्हटलं, "बघलंय. जा."

दुसऱ्या दिवशी नंदू गेल्याची तार आली. दादाने पोलिसांत लिहून दिलं की चालवता चालवता डोळा लागला, गाडी कडेच्या दगडावर आदळली, नंदू बाहेर फेकला गेला. धडकेत पुढचा ब्रेकचा पाइप तुटला होता, त्यामुळे तेल कुठून गेलं हा प्रश्नच कोणाला पडला नाही. दादा चार महिने आत जाऊन आला. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. नंदूच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्याची बायको वनमाला कांदिवलीला आपल्या भावाकडे राहायला गेली आणि औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. गावमंडळाच्या सत्यनारायणाला दादा आला की ती प्रसाद न घेता उठून जायची. हे मी पंधरा वर्षं पाहिलं.

आणि मला काय वाटलं? हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण आता खोटं कशाला बोलू. दादाला झोप लागली म्हणजे ब्रेकचा दोष नाही, म्हणजे माझा दोष नाही. ती गाडी रोज माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. एक पाना लावून चाक उघडलं असतं तर खरं काय ते कळलं असतं. मी उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता मूठ उघडावीच लागणार होती. असली गाडी चालवत न्यायची नसते, ओढतही न्यायची नसते. टायर तडकलेले असतात, जुनं पेट्रोल टाकीत चिकट होऊन बसलेलं असतं, चॅसिसला कुठे गंज लागलाय ते वरून दिसत नाही. ती दुसऱ्या गाडीवर चढवून, बांधून न्यायची. पण चढवायची तर तिची चाकं फिरायला हवीत, आणि फार्गोची मागची दोन्ही चाकं जाम होती. मी आठवडाभर बाकीची कामं काढत बसलो. टाकी रिकामी केली, बॅटरीचा सांगाडा काढला, जुने पण धड असे सहा टायर कुठून कुठून आणून चढवले, दरवाजे तारेने बांधले, काच उतरवून गोधडीत गुंडाळली. पिंपळाचं रोपटंसुद्धा मुळासकट काढून डबड्यात लावलं. शेवटी मागची दोन चाकंच उरली. आधी उजवं उघडलं. गंजाने धरलं होतं, तासाभरात सुटलं.

डावं उघडताना मी शेडमधल्या पोरांना चहाला पिटाळलं. ब्रेकचा ड्रम सहज निघेना, लाकडाचा हातोडा घालून घालून काढला. आत सगळं काळं चिकट मेण झालं होतं. ब्रेकच्या पट्ट्या तेल पिऊन पिऊन फुगल्या होत्या. सिलिंडर खोलला. आत रबराची छोटी वाटी असते, ब्रेकचं तेल तीच अडवून धरते. ती एका कडेने उभी चिरलेली होती. धडकेत चिरत नाही ती अशी. झिजून झिजून चिरते, आधी पाझरते आणि मग घाटात, पाय दाबून दाबून, एकदम जाते. मी ती वाटी तळहातावर घेऊन तिथेच मातीत बसलो. दादाला झोप लागलीच नव्हती. त्याने पेडल दाबलं होतं आणि पेडल रिकामं तळाला गेलं होतं.

वाटी मी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. चाक साफ केलं, मोकळं केलं, परत बसवलं. हाताने ढकललं तर फिरू लागलं.

दुसऱ्या दिवशी कांदिवलीला गेलो. अर्धी गाडी नंदूची, म्हणजे वनमालेची, तिला विचारल्याशिवाय हलवणं बरं नव्हतं. कागद तर खिशातच होता. म्हटलं सांगून टाकू, काय व्हायचं ते होईल. तिने चहा केला, समोर बसली. केस पिकले होते. मी गाडीचं सांगितलं. ती म्हणाली, घेऊन जा, मला ती गाडी नको आणि तिचं लोखंडही नको. पण तिचं एक मागणं होतं. कशेडीत ती जागा तिने कधी पाहिली नव्हती, तिला कोणी नेलंच नव्हतं. तेव्हा ती गाडीबरोबर येणार, तिथे नारळ ठेवणार. मी म्हटलं, दादाही असेल गाडीत. त्यावर ती एवढंच म्हणाली, "असू दे. झोप लागली म्हणून माणूस मारलो त्येणी. त्येका त्या जाग्यावर जागो बघूचो आसा माका."

तेव्हा बोलायला हवं होतं. तिने बिस्किटाची बशी पुढे केली आणि मी बिस्किट उचललं. कप ठेवला आणि निघालो.

ट्रेलर घेऊन आला तो धोंडिराम. साताऱ्याकडचा, साठीचा, मशिनरी वाहून नेण्यात हयात गेलेला माणूस. बोलायचा कमी आणि हात मात्र कधी थांबायचे नाहीत. साखळीची कप्पी लावून आम्ही फार्गो इंच इंच वर ओढली. मी पुढून खुणा करत होतो, तो मागून चाकांमागे ठोकळे सरकवत होता, म्हणजे साखळी सुटलीच तर गाडी परत येऊ नये. वर गेल्यावर मी पहिली साखळी चॅसिसला टाकायला गेलो तर त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, जुनं लोखंड आहे, साखळी अ‍ॅक्सलला बांधायची, वरच्या अंगाला नाही. बरोबर होतं त्याचं. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, प्रत्येक चाकाला पुढून मागून लाकडी ठोकळे, ते फळ्यांना खिळ्यांनी ठोकलेले. चॅसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लाकडं घातली, म्हणजे खड्ड्यात गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर उसळून साखळीला झटका द्यायची नाही. संध्याकाळी त्याने सगळीकडे एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "मेस्त्री, बांधलं म्हंजी झालं न्हाई. पयल्या धा मैलांत समदं सैल पडतं. उतरून बघायचं. मग दर थांब्याला बघायचं. मी बघितलं म्हणून तुमी सोडायचं न्हाई." हे मला तो सांगत होता, आणि माझ्या खिशात तो कागद होता. मी मान हलवली.

सकाळी सहाला निघायचं ठरलं. दादा रिक्षाने आला, अंगावर स्वेटर, हातात पिशवी. त्याला खुर्ची दिली. वनमाला कांदिवलीहून पहिल्या गाड्यांनी आली, हिरव्या किनारीची साधी साडी, हातात दोन नारळ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. शेडमधली चार माणसं होती, आमच्याच गावाकडची.

आमच्यात निघताना गाऱ्हाणं घालतात. नारळ समोर ठेवायचा, वडीलधाऱ्याने देवाला मोठ्याने सांगायचं की आम्ही अमुक करतोय, सांभाळून घे, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मान दादाचा. पण त्याला एक वाक्य एका दमात जाईना. त्याने हात हलवून मला खूण केली, तू घाल.

मी फार्गोच्या नाकासमोर उभा राहिलो. हात जोडले. पाठ असलेलं सुरू केलं. बा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा, हो जयवंत आज आपली गाडी घेवन तुझ्या पायाकडे येता आसा. व्हय म्हाराजा. वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर. व्हय म्हाराजा. पुढचं वाक्य काय असतं ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कळत नकळत काय चुकला आसात तर लेकरांका पदरात घे. किती सोयीचं वाक्य आहे बघा. चुकलं कोणाचं, कधी, काय, काही सांगायला नको, देवाने आपलं समजून घ्यायचं. मी ‘कळत नकळत’ म्हटलं आणि अडकलो. समोर खुर्चीत दादा डोळे मिटून बसला होता. त्याच्या पलीकडे ती उभी होती. आज ती याच्याशेजारी बसून घाटापर्यंत जाणार, तिथे त्याला विचारणार, आणि हा खाली मान घालून ऐकून घेणार. मग गावी जाऊन मरणार.

"नकळत नाय, म्हाराजा," मी म्हटलं. "कळान चुकलंय. दसऱ्या दिवशी दादान माका ब्रेक बघूक सांगल्यान. मागच्या डाव्या चाकाक तेल गळत होता. हत्यारां पूजेत होती म्हणान मी चाक उघडूक नाय. तेल पुसलंय आणि बघलंय म्हणान सांगलंय. दादाक झोप लागाक नव्हती. नंदू माझ्या हातान गेलो."

खिशातला कागद काढून मी नारळाशेजारी उलगडला. चिरलेली वाटी सगळ्यांना दिसली. गाऱ्हाण्यात वाक्य संपलं की आवाज उठतो, पण त्या सकाळी कोणी काही म्हटलं नाही. रस्त्यावरून एक दूधवाला सायकल दामटत गेला. मी वर बघायला धजलो नाही.

मग खुर्चीतून आवाज आला, फाटका, पण स्पष्ट. "व्हय म्हाराजा."

दादाने डोळे उघडले होते. म्हणाला, "माका म्हायत होता, लवू. तू गाडीखालसून भायर इलंस तेव्हा मी पाटाकडे बघलंय. कुंकू तसाच होता. एक पानो हललेलो नाय. ता बघलंय, आणि तरी गाडी काढलंय. माका पण घाई होती."

दम लागला म्हणून तो थांबला. मी विचारलं, मग पोलिसांत तसं का सांगितलंस? तो म्हणाला, एकाने भोगायचं ते दोघांनी कशाला भोगायचं. तुझ्या घरात तीन पोरं लहान होती. एवढंच. पंधरा वर्षं त्याने मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं. मी ते त्याचं अज्ञान समजत होतो. मी त्याच्या पायांशी बसलो, मला रडू आवरेना.

वनमाला जागची हलली नव्हती. ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

"तुमी दोघांनी आपसात वाटून घेतलात. माका कोणी विचारलात? पंधरा वर्षां मी ह्येंच्या तोंडाक तोंड देवक नाय. ह्येंच्या हातचा पाणी घेवक नाय. माझो राग तरी खऱ्या माणसावर जावक व्हयो होतो. तो पण तुमी फुकट घालवलात."

धोंडिराम ट्रेलरच्या दाराशी उभा होता, त्याने टोपी काढून हातात घेतली होती. मी मनात म्हटलं, आता ही कांदिवलीला परत जाईल, आणि गेली तर तिचं बरोबरच आहे. पण तिने पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाली, "गाऱ्हाणा अर्धा ठेवू नये. पुरा करा." मी उठलो आणि उरलेलं पुरं केलं. शेवटच्या वाक्याला सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. तिने ओठ हलवले की नाही, मला माहीत नाही. नारळ तिनेच दगडावर फोडला.

केबिनमध्ये धोंडिराम, खिडकीशी दादा, मागच्या बाकड्यावर वनमाला आणि मी. घाटकोपर, मानखुर्द, वाशीचा पूल. पहिल्या दहा मैलांनंतर थांबलो. खरंच दोन साखळ्या सैल पडल्या होत्या, त्या पिळून घट्ट केल्या. पुढे पनवेल, पेण, कोलाड, माणगाव, महाड. प्रत्येक थांब्याला मी उतरलो. धोंडिराम उजव्या अंगाने बघत जायचा, मी डाव्या, मग जागा बदलून पुन्हा. तो ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वर गाडी नेत नव्हता. मागून बसवाले भोंगे मारत होते, मारू देत. महाडला वनमालेने पाण्याचा तांब्या भरून आणला, आधी धोंडिरामला दिला, मग क्षणभर थांबून दादापुढे धरला. दादाला तो पेलेना म्हणून तिने तांब्या सोडला नाही, तो पिईपर्यंत धरून राहिली. माझ्यासाठी मी नळावर जाऊन प्यायलो.

दुपारी दोनच्या सुमाराला घाटमाथा आला. इथून पुढे खेडच्या बाजूचा उतार. धोंडिरामने गाडी कडेला घेतली. दादाला उतरवून एका दगडावर बसवलं. ऊन कडक होतं आणि पानगळीने झाडं उघडी पडली होती. दादाने खालच्या तिसऱ्या वळणाकडे बोट केलं आणि वनमालेला सांगितलं, थांबत थांबत, एकेका श्वासाला चार शब्द. नंदू फेकला गेला नव्हता. ब्रेक गेल्याचं कळल्याबरोबर त्याने सीटखालचा ठोकळा घेतला आणि चालत्या गाडीतून उडी मारली. चाकाखाली घालायला. पहिल्यांदा ठोकळा उडून गेला. त्याने तोच धावत जाऊन उचलला आणि पुन्हा घातला. दुसऱ्यांदा गाडी कडेच्या दगडावर आपटून अडकली, दरीपासून हातभर अंतरावर, आणि अडकताना तिचं मागचं अंग घसरलं. तो मागच्या डाव्या चाकाशीच होता. दादा म्हणाला, मी पोलिसांत झोपेचं सांगितलं, म्हणून हे कोणाला सांगता आलं नाही. तुलाही नाही.

वनमाला त्या वळणाकडे बघत राहिली. पंधरा वर्षं तिचा नवरा झोपेतल्या माणसाच्या चुकीने गाडीतून पडून मेला होता. आम्ही दोघांनी मिळून तिचा नवराही तिला अर्धाच ठेवला होता. ती रडली, पण आवाज न करता, आणि फार वेळ नाही. डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. सकाळनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"भावजी, साखळ्यो बघलात?"

मी बघितल्या होत्या. आत्ताच, थांबल्याबरोबर, दोन्ही अंगांनी बघितल्या होत्या. पण तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "चल. तूच बघ."

मी तिला ट्रेलरवर चढायला हात दिला. तिने तो घेतला. मी पुढे झालो आणि ती माझ्या मागून. तिने प्रत्येक साखळी मुठीत धरून ओढून पाहिली. प्रत्येक ठोकळ्याला तळव्याने ढकलून पाहिलं, खिळे बोटांनी चाचपले. मी दाखवलं तशी वाकून अ‍ॅक्सलखालची लाकडंसुद्धा बघितली. साडी ग्रीसने माखली, तिने पर्वा केली नाही. मागच्या डाव्या चाकाशी आली तेव्हा ती खाली बसली. तिथला ठोकळा तिने दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ धरून बसली. मी तोंड फिरवून उभा राहिलो. मग तिने उरलेला नारळ पिशवीतून काढला, वळणावर ठेवायला आणलेला, आणि तो त्या चाकाच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये, जिथून तो हलणार नाही असा, घट्ट बसवला.

केबिनमध्ये येऊन ती दादाशेजारी बसली, पुढे. धोंडिरामने चावी फिरवण्याआधी सवयीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. निघायचं का, हे त्याला माझ्याकडून हवं होतं.

उत्तर तिने दिलं. "चला," ती म्हणाली. "मी बघलंय."